जाताना एक रूळ, येताना दुसरा

रेल्वेचा रूळ पायी तपासणाऱ्या कीमनच्या नोकरीत पहिल्या दिवशी जे सांगतात ते एवढंच: जाताना एका रुळावर नजर ठेव, येताना दुसऱ्यावर. मला हे सांगणाऱ्या मेटने, म्हणजे गँगच्या मुकादमाने, पुढे स्वतःची भर घातली होती, "आन् वर पाहू नको. वर देव पाहून घेते."

तेहतीस वर्षं मी वर पाहिलं नाही. ऑगस्ट २०१९च्या शेवटच्या दिवशी हार-नारळ घेऊन घरी आलो तेव्हा मुलीने कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. सहा किलोमीटरची बीट, जाऊन-येऊन बारा. वर्षाचे सुट्ट्या वगळून दोनशे ऐंशी दिवस धरले आणि तेहतीसपैकी कीमन म्हणून पंचवीस वर्षं. उत्तर आलं चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. "बाबा, पृथ्वीला दोन फेऱ्या झाल्या तुमच्या," ती म्हणाली. मी म्हटलं, झाल्या असतील, पण त्या सगळ्या नागभीडच्या हद्दीतच झाल्या. गोल फिरायच्या ऐवजी मी एकाच काडीवर मुंगीसारखा मागं-पुढं करत राहिलो.

आमची लाईन म्हणजे छोटी लाईन. नागपूरच्या इतवारीपासून नागभीडपर्यंत अडीच फुटी रूळ. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. माझ्या हातातली काठी आडवी ठेवली तर दोन्ही रुळांना टेकायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने ती घातली. गोंदियाहून नागभीडवरून चांदा फोर्टला जाणारी तिची बहीण नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली आणि आमची मात्र तशीच राहिली. नोव्हेंबर २०१९मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी तिची गाडी बंद केली. म्हणजे मी घरी बसल्यावर तीन महिन्यांत लाईनही घरी बसली.

ह्या गाडीबद्दल लोक एक गोष्ट हमखास सांगतात: चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या चार बोरी झाडून पुन्हा मागच्या डब्यात चढता यायचं. मी इतकी वर्षं रुळावर काढली, असा पराक्रमी प्रवासी मला एकही दिसला नाही. गाडी हळू होती हे खरं. पण हळू गाडीची थट्टा करणाऱ्यांना एक माहीत नसतं, की ती ज्या रुळावरून हळू जाते तो रूळ रोज कुणीतरी तिच्याहूनही हळू पाहून ठेवलेला असतो.

कीमनचं काम ऐकायला काहीच नाही. खांद्यावर हातोडी आणि पाना, पिशवीत थोडे नटबोल्ट, दोन लाल झेंड्या, एक हिरवी, आणि फटाक्यांची डबी. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. पुढे धोका असला तर ते रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी लोखंडी पाचर म्हणजे चावी. गाडीच्या हादऱ्यांनी ती सैल होते. हातोडी मारली की घट्ट चावी खणखणते आणि सैल चावी खोकते. काही वर्षांनी मारावंही लागत नाही, पाहून कळतं. सैल चावीच्या बाजूला गंज निराळा दिसतो, घासून निघालेल्या लोखंडाचा, विटेच्या रंगाचा. थंडीत रूळ आकसतो आणि सांधे ताणले जातात. उन्हाळ्यात रूळ फुगतो आणि सांध्यातली फट मिटते. थंडीच्या महिन्यांत सांध्याच्या पट्ट्या खोलून तेल-ग्रीस द्यायचं. ह्या सगळ्याला लागणारं मुख्य हत्यार एकच, ते म्हणजे हळू चालणं. ताशी तीन किलोमीटरच्या वर गेलात की डोळा पुढं जातो आणि रूळ मागं राहतो.

नागभीडात बीट शब्द दोन खात्यांचा आहे. जंगलखात्याच्या वनरक्षकाचीही बीट आणि आमचीही बीट. दोघंही पायी, दोघंही एकटे, आणि दोघांच्याही बायका संध्याकाळी दाराशी उभ्या. वनरक्षकाच्या मोबाइलमध्ये आता त्याची चाल नोंदली जाते. मोठ्या लाईनवरच्या बऱ्याच कीमनच्या गळ्यातही जीपीएस आलं. आमच्या वेळी चाल कोण मोजत होतं? त्याचं उत्तर मला नोकरीत असताना मिळालं नाही, ते निवृत्तीनंतरच्या एका लांब चालण्यात मिळालं. ते पुढे सांगतो.

चालायचं खूळ डोक्यात घातलं ते बायकोच्या भाच्याने. तो ब्रिस्टलला नोकरीला आहे. दिवाळीनंतर एकदा फोनवर सांगत होता, मामा, इथे लोक रजा काढून चालायला जातात. नैऋत्य किनाऱ्याने एक पायवाट आहे, माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत, हजारावर किलोमीटर. माणसं ती टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं चालतात. मी म्हटलं, काम नाही का त्यांना? पण मग त्याने जे सांगितलं ते माझ्या मनात रुतून बसलं. ती वाट चालायच्या हौशीने पडलेलीच नाही. एकोणिसाव्या शतकात चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला तिथले किनारारक्षक रोज पायी गस्त घालत. प्रत्येक खाडीत, प्रत्येक कपारीत वाकून पाहायचं, म्हणून ती वाट इतकी कडेकडेने जाते. म्हणजे आपल्यासारख्याच कुणाची ती बीट होती! नोकरीवाल्यांनी वाट पाडली आणि हौशी लोक तिच्यावर फोटो काढतायत. आणखी एक त्याने सांगितलं: तिकडे साठच्या दशकात तोट्यातल्या कितीतरी रेल्वे लाईनी बंद केल्या, त्यांतल्या काहींवर आता माणसं चालतात, सायकली चालवतात. डर्बीशायरमध्ये १९६८मध्ये बंद झालेल्या एका लाईनीची मॉन्सल ट्रेल नावाची वाट झाली आहे, बोगद्यांसकट.

त्या रात्री झोप आली नाही. इतवारीपर्यंत शंभरावर किलोमीटरचा रूळ अजून जागेवर होता, गाडी नव्हती, आणि मी नागपूरला कधी पायी गेलो नव्हतो. माझी बीट जिथे संपायची तिथे दुसऱ्या कीमनची सुरू व्हायची. त्या दगडाच्या पलीकडचा रूळ मी फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेला.

एकट्याने जाणं शक्य नव्हतं. आमच्या तालुक्यात वाघ गोष्टीतला नसतो. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. मी आमच्या जुन्या मेटजींकडे गेलो. माझ्याआधी सहा वर्षं निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगार कोन देनार?" मी म्हटलं, कोणी नाही. "मंग सुटी कोन देईल?" ते म्हणाले. सुटी मेटीणबाईंनी दिली, भाकरीसकट.

जानेवारी २०२०चा दुसरा आठवडा. सकाळी धुकं उतरेपर्यंत थांबून सात-साडेसातला निघालो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली रुळावर विनापरवाना चालणं हा गुन्हा आहे. आयुष्यभर बकऱ्यावाल्यांना, मोळीवाल्यांना, शाळेतल्या पोरांना हे कलम ऐकवत आलो होतो, आणि आता दोन म्हातारे काठ्या घेऊन तेच कलम तुडवत निघाले होते.

पहिले सहा किलोमीटर माझ्या बीटचे. मी ठरवून निघालो होतो की आज वर पाहायचं. झाडं पाहायची, धानाच्या बांध्या पाहायच्या, भाचा पाठवतो तसे फोटो काढायचे. जमलं नाही. मान वर केली की पाऊल चुकायचं. ज्याने स्लीपरवरून चालून पाहिलंय त्याला माहीत असेल, एक स्लीपर एका पावलाला कमी पडतो आणि दोन जास्त होतात. वर्षानुवर्षांच्या सवयीने माझ्या पायाला त्याची एक लंगडी लय बसली आहे, ती नजरेवर चालते. नजर काढली की पाय बावरतो. दोन-अडीच किलोमीटरवर मला एक सैल चावी दिसली. बंद लाईनची सैल चावी. तिच्यावरून आता कधी काही जाणार नव्हतं. मी पुढे गेलो. मागे ठक ठक आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर मेटजी उकिडवे बसून गिट्टीतला मोठा दगड घेऊन चावी ठोकत होते. उठले, हात झटकले, काही बोलले नाहीत. त्यानंतर मीही नऊ ठोकल्या.

धान कापून झालेलं होतं. ओलसर बांध्यांत लाखोळीची निळी फुलं उमलली होती आणि बोड्यांतलं पाणी उतरणीला लागलं होतं. हा मुलूख तळ्यांचा. गावागावाला मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव ह्याचं झालेलं लाडकं नाव. शेताशेताला बोडी. रेल्वेचा भराव ह्या सगळ्या पाण्याला आडवा जातो, म्हणून लहान पूल आणि मोऱ्या इतक्या. पावसाळ्यात कीमनचा जीव ह्या मोऱ्यांतच अडकलेला असायचा: काडीकचरा तुंबला की पाणी भरावाला टेकतं, आणि भराव आतून विरघळत जातो, वरून रूळ सरळ दिसत राहतो.

दुपारच्या भाकरीला एका मोरीच्या कठड्यावर बसलो. भरावाच्या कडेने जी मातीची पायवाट असते, कीमनच्या पायांनी पडलेली, तिच्यावर पाऊलखुणा होत्या. कुत्र्याच्या म्हणाव्या तर मोठ्या, आणि नखं नव्हती. मेटजी म्हणाले, "जेवून घे लवकर." आम्ही जेवून घेतलं लवकर.

भराव कोरडा, उंच आणि सरळ असतो. गाडी बंद झाल्यावर तो जनावरांनी दोन महिन्यांत आपला करून टाकला होता. खरं तर आधीही तो त्यांचाच होता, आम्ही दिवसपाळीचे. ह्या पट्ट्यातून वाघ ताडोबाकडून उमरेड-कऱ्हांडल्याकडे जातात-येतात. जय नावाचा वाघ २०१३मध्ये नागझिऱ्यातून निघून शंभरावर किलोमीटर चालत, गावं, नदी, रस्ते ओलांडत कऱ्हांडल्याला आला तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! २०१६च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, २०१७च्या एप्रिलमध्ये आमच्या नागभीडच्या परिसरात शेताच्या विजेच्या तारेला लागून मेला. आणि मोठ्या लाईनवर, चिचपल्लीच्या बाजूला, नोव्हेंबर २०१८मध्ये वाघिणीची तीन पिल्लं गाडीखाली गेली. आमच्या छोट्या गाडीखाली वाघ आलेला मी ऐकलेला नाही. ती थांबू शकायची. ब्रॉडगेज करताना ह्या जंगलाच्या तुकड्यात लाईन कशी न्यावी, उंचावरून की खालून, ह्याच्यावर वनखातं आणि रेल्वेवाले पुढे बरेच दिवस वाद घालत होते. मला त्या कागदांतलं कळत नाही. एवढं कळतं की गाडीचा वेग वाढतो तसा तिच्या समोर येणाऱ्याचा विचार करायचा वेळ कमी होतो.

आमच्याच तालुक्यात देवटेक नावाचं गाव आहे. तिथे एक शिळा सापडली, आता ती नागपूरच्या संग्रहालयाकडे असते. तिच्यावर दोन लेख आहेत. एक वाकाटकांचा, आणि त्याहून कितीतरी जुना दुसरा, अशोकाच्या काळातला मानला जाणारा, वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. त्या जुन्या लेखात प्राण्यांना पकडायला आणि मारायला मनाई आहे. आमच्या शाळेत हे कुणी सांगितलं नाही, मला ते पन्नाशीनंतर कळलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी अधिकारी पवनीसारख्या तटबंदीच्या नगराच्या बाजूने ह्याच मुलखातून चालत आला असेल आणि त्याने दगडावर हुकूम खोदून घेतला असेल. म्हणजे इथे गस्तीची नोकरी जुनी आहे. मेटजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हुकूम दगडावर लिवला म्हनून टिकला. आपला डायरीत होता."

डायरीचं नाव निघालं आणि मी गप्प झालो, कारण पुढचा सांधा तो होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकातला डिसेंबर होता. घरी मुलीला ताप होता, बायको एकटी. मी त्या सकाळी बीटवर निघालो आणि चाललो नाही, पळालो. रूळ पाहिला, म्हणजे रुळाकडे तोंड होतं. बीटच्या टोकाला पोचून परत फिरलो, तर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई समोर आली. मी नेहमीप्रमाणे कलम ऐकवणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबू, तिकडं पट्टी फुटून आहे." सांध्याची पट्टी. थंडीने ताणलेली, आरपार तडकलेली. दीड तासापूर्वी मी तिच्या हातभर अंतरावरून गेलो होतो. गाडीला वेळ थोडा होता. फटाके बांधले, लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावलो, गाडी थांबली. साहेबांनी पाठ थोपटली. तत्पर कीमन म्हणून माझं नाव घेतलं गेलं, आणि मी ते घेऊ दिलं. त्या बाईचं नाव मी विचारलंही नाही.

त्या सांध्याशी आलो तेव्हा मी थांबलो आणि मेटजींना सगळं सांगून टाकलं. पंचवीसेक वर्षांचं ओझं होतं, दोन वाक्यांत उतरलं. मेटजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"त्या दिवशी पट्टी बदलाले आलो ना गँग घेऊन. दहिवर पडलं होतं, पायवाट ओली. तुहे पाय दिसत होते मातीत. रोजचे जवळ जवळ असत. त्या दिवशी लांब लांब होते."

म्हणजे चाल मोजणारं कुणीतरी होतं. मी विचारलं, मग वर का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "पोरगी बिमार होती तुही. आन् दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा जवळ आले. मी पाहिले." मग थोडं थांबून, "महिनाभर पाहिले."

ते पुढे चालू लागले. मी त्यांच्यामागे. आता सांगायला हरकत नाही, त्यानंतरचा तासभर रूळही नीट दिसला नाही.

रात्री भुयारच्या अलीकडे मेटजींच्या साळ्याकडे मुक्काम केला. गावात नाटक होतं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात रात्रीचं नाटक असतंच. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या येतात, मांडव पडतो, दहाला सुरू होणारं नाटक पहाटेपर्यंत चालतं. दिवसभर चाललेल्या माणसाने झोपावं, पण पाव्हण्याला कोण झोपू देतो? खलनायकाला शिव्या घालत पहाट झाली आणि दुसऱ्या दिवशीचे पहिले पाच किलोमीटर मी जवळपास झोपेतच चाललो. पायांना लय पाठ होती.

चंद्रपूर जिल्हा मागे पडून भंडाऱ्याचा तुकडा लागतो आणि मग नागपूर जिल्हा. पवनी रोड हे स्टेशन पवनीपासून लांब आहे, नाव मात्र तिचं. रेल्वेची ही जुनी खोड. पवनीत १९६९-७०मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप निघाले. गुडघ्यांनी आडवाट घ्यायला नकार दिला म्हणून गेलो नाही. रिकाम्या स्टेशनच्या ओट्यावर बसलो तर एक म्हातारी येऊन विचारू लागली, "गाडी येऊन राह्यली का जी?" तिला माहीत होतं गाडी बंद आहे. रुळावर खाकी सदरा दिसला म्हणून विचारून पाहिलं, असं तीच म्हणाली. मेटजींनी जुना सदरा घातला होता.

भिवापूरला पोचलो ते वाऱ्यानेच कळवलं. भिवापुरी मिरची. वाळवणाच्या सातऱ्यांवर लाल चादरी अंथरल्यासारखी मिरची वाळत पडलेली, आणि बाया रांगेने बसून मुक्के, म्हणजे देठ, काढत होत्या, तोंडाला पदर बांधून. दोन म्हाताऱ्यांना शिंका आवरेनात ते पाहून त्या हसत सुटल्या. एकीने विचारलं, कुठून आले? नागभीडहून, पायी. का बाप्पा, नवस होता का? मेटजी म्हणाले, हो. मी विचारलं, खोटं का बोललात? ते म्हणाले, "नवस म्हटलं का समजते लोकायले. हौस म्हटलं तर का सांगू?" खरंच, आमच्याकडे पायी लांब जायला तीनच कारणं मान्य आहेत: देव, मजुरी आणि मैत. महाशिवरात्रीला मार्कंड्याला पायी जाणाऱ्याला लोक पाणी देतील. उगाच चालणाऱ्याला पाहून बकऱ्यावाला पोलिसपाटलाला सांगायला जाईल.

उमरेडपासून पुढचं लिहिण्यासारखं फारसं नाही. कोळशाच्या खाणीचे डोंगर, ट्रक, धूळ. जंगल मागे राहिलं तसा मला एक बदल जाणवला: मी वर पाहू लागलो होतो. इथला रूळ माझा नव्हता, इथल्या चाव्यांची जबाबदारी वाटत नव्हती, म्हणून मान सुटली. आणि मान सुटल्यावर दिसलं काय, तर होर्डिंग आणि प्लॉटच्या पाट्या. सौंदर्य पाहायला जबाबदारी सोडावी लागते असं मी ऐकून होतो. माझ्या वाट्याला ती सुटली तेव्हा ले-आउट आले.

कुहीला मेटजींचा डावा गुडघा सुजला. एक दिवस थांबलो, हळद-चुना लावला. एसटीने पुढे जा म्हटलं तर ऐकेनात. शेवटचे दोन दिवस आम्ही इतके हळू चाललो की एका पोराने आम्हाला गाठून, मागे टाकून, शाळा सुटल्यावर परत येताना पुन्हा भेटून विचारलं, "आजोबा, तुम्ही अजून इथंच?"

नागपूरने स्वागत केलं ते भांडेवाडीच्या कचऱ्याच्या वासाने. सहा दिवसांचे सात दिवस झाले होते. इतवारीला छोट्या लाईनच्या फलाटावर पोचलो, शेवटच्या स्लीपरवर दोघं उभे राहिलो. मेटजींनी कोपरीच्या खिशातून जुनी डायरी काढली. नोकरीतली नव्हे, तशीच घरची. त्यात रोजच्या तारखेखाली एक-एक ओळ होती: कुठे चावी सैल, कुठे मोरी तुंबलेली, कुठे बोल्ट नाही. बंद लाईनचा रिपोर्ट. "कोनाले द्यायचा?" मी विचारलं. "द्यायचा नाही. लिवायचा असते," ते म्हणाले.

परतीला एसटी. सात दिवसांची वाट तीन-साडेतीन तासांत मागे गेली. मेटजी खिडकीशी बसून अस्वस्थ होते. भिवापूरच्या पुढे म्हणाले, "येताना दुसरा रूळ पाहाचा असते. अर्धंच काम झालं." ठरलं की गुडघा बरा झाला की, मोहफुलं पडायच्या आत, इतवारीपासून परत चालत यायचं.

मार्चच्या शेवटी कोरोनाच्या टाळेबंदीत सगळंच बंद झालं. एप्रिलमध्ये मोठ्या लाईनच्या कडेने माणसं येताना दिसू लागली, तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, आमच्याच भागातली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. मी गावाच्या टोकाशी पाण्याचा ड्रम ठेवून बसायचो. त्यांचे पाय पाहूनच कळायचं कोण रस्त्याने आलं आणि कोण रुळाने. रुळाने आलेल्याची चाल स्लीपरने लंगडी करून सोडलेली असते. एकाला मी म्हटलं, रुळावर बसू नका, झोपू तर नकाच, गाड्या बंद असल्या तरी मालगाडी येते. तो म्हणाला, रस्त्याने पोलीस परत पाठवतात, रूळ कुणाला विचारत नाही. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. दिवसभर टीव्ही लावला नाही. नवस नव्हता त्यांचा, आणि हौसही नव्हती.

नंतर छोट्या लाईनचे रूळ उचलले. माझ्या बीटमध्ये नवा, रुंद भराव पडला. कडेची पायवाट मशीनखाली गेली.

इतवारीकडून येतानाचा रूळ आम्ही तपासला नाही. मेटजींच्या डायरीत तशी नोंद आहे.